अमेरिकेत फ्रँचायझी घेताना राज्याचा कायदा तुमच्या बाजूने कुठे उभा राहतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिसन असो, डॅलस, शिकागो किंवा सिअ‍ॅटल, अमेरिकेतल्या मराठी घरांत 'नोकरी खूप झाली, आता स्वतःचं काहीतरी' हा विषय निघतोच. त्यातले बरेच जण फ्रँचायझीकडे वळतात, कारण नाव तयार असतं आणि पद्धत बसवलेली असते. करार मात्र जाडजूड असतो आणि तो कंपनीच्या वकिलांनी कंपनीसाठी लिहिलेला असतो. त्या करारापलीकडे तुमच्या हातात काय असतं, ते इथे सांगितलं आहे. 'कंपनी' म्हणजे ब्रँडची मालक बाजू आणि 'फ्रँचायझीधारक' म्हणजे पैसे घालून धंदा चालवणारे तुम्ही. ही कायद्याची सर्वसाधारण ओळख आहे. तुमच्या प्रकरणाचा सल्ला तुमचा करार वाचलेला वकीलच देऊ शकेल.

दोन्ही बाजूंनी राजीखुशीने सही केली, तर राज्य मध्ये का पडतं?

कारण सही झाल्यावर दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. जागेचा दहा वर्षांचा भाडेकरार तुमच्या नावावर असतो. कर्ज तुमच्या नावावर असतं. ब्रँडच्या नियमाप्रमाणे बनवलेलं फर्निचर आणि यंत्रं दुसऱ्या धंद्यात फारशी उपयोगी पडत नाहीत. उद्या कंपनीने करार संपवला तर पाटी उतरते, पण भाडं आणि हप्ते चालूच राहतात. कंपनीला तीच जागा दुसऱ्या कुणाला तरी देता येते. ज्याच्याकडे गमावण्यासारखं इतकं आहे, त्याला साध्या धमकीनेही वाकवता येतं.

१९५० आणि ६०च्या दशकांत फ्रँचायझींची मोठी लाट आली. तिच्यासोबत फसव्या जाहिराती आल्या आणि मनमानी करारभंगही आले. कॅलिफोर्नियाने १९७० साली फ्रँचायझी विकण्याआधी नोंदणी आणि माहिती देणं सक्तीचं केलं. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. न्यू जर्सीचा कायदा १९७१चा, विस्कॉन्सिनचा १९७४चा. करार कसा आणि कशासाठी मोडता येईल, याला या दोन राज्यांनी हात घातला.

पण केंद्राचा कायदा आहे ना? तो पुरत नाही का?

फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे एफटीसीचा, फ्रँचायझी नियम आहे. तो १९७९ पासून लागू आहे आणि २००७ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. त्यानुसार कंपनीने तुम्हाला 'फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट' द्यावं लागतं. सगळे त्याला एफडीडीच म्हणतात. त्यात ठरलेली २३ कलमं असतात आणि ते सही किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी तुमच्या हातात पडायला हवं.

हा नियम चांगला आहे, पण त्याच्या दोन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, तो फक्त विक्रीपूर्वीच्या माहितीबद्दल बोलतो. धंदा सुरू झाल्यावर कंपनी कशी वागते याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी, नियम मोडला म्हणून तुम्ही स्वतः त्याच्या आधारे कोर्टात जाऊ शकत नाही. कारवाई करायची की नाही, ते एफटीसी ठरवते. शिवाय एफडीडी एफटीसीकडे तपासणीसाठी दाखलही करावं लागत नाही. ही जागा राज्यांच्या कायद्यांनी भरून काढली आहे, आणि तीही सगळ्या राज्यांत नाही.

म्हणजे राज्याराज्यांत फरक आहे? कुठे काय मिळतं?

फरक फार मोठा आहे. अनेकांना तो करार मोडल्यावरच कळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राज्यांचे कायदे दोन प्रकारचे. एक विक्रीचे: कंपनीने राज्यात नोंदणी करायची किंवा सूचना द्यायची आणि खरी माहिती पुरवायची. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मेरीलँड, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन, मिनेसोटा, मिशिगन, इंडियाना, विस्कॉन्सिन, हवाई, ऱ्होड आयलंड आणि दोन्ही डाकोटा ही त्यातली राज्यं. नोंदणी झाली म्हणजे राज्याने धंदा चांगला असल्याची हमी दिली, असा अर्थ मात्र होत नाही.

दुसरे संबंधांचे कायदे: करार कधी संपवता येईल, किती दिवसांची नोटीस, चूक सुधारायची संधी, नूतनीकरण, हस्तांतर, भरपाई. खरी ढाल इथे आहे. असे कायदे वीसच्या आसपास राज्यांत आहेत. कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन, मिनेसोटा, मिशिगन, इंडियाना आणि विस्कॉन्सिन दोन्ही याद्यांत येतात. न्यू जर्सीत विक्रीपूर्व नोंदणी नाही, पण संबंधांचा कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांत गणला जातो. न्यू यॉर्कचं बरोबर उलट: विक्रीच्या वेळचे नियम कडक, पण करार मोडण्यावर सर्वसाधारण बंधन घालणारा कायदा नाही.

टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत मराठी वस्ती भरपूर आहे, पण सर्व फ्रँचायझींना लागू होणारा संबंधांचा कायदा यांपैकी एकाही राज्यात नाही. तिथे तुमचा करार आणि कराराचा सामान्य कायदा एवढंच तुमच्या हातात राहतं.

मी न्यू जर्सीत राहतो, पण दुकान नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात घेतोय. न्यू जर्सीचा कायदा मला लागू होईल?

नाही. न्यू जर्सीच्या कायद्याची पहिली अटच अशी आहे की धंद्याची जागा न्यू जर्सीत असली पाहिजे, किंवा करारानुसार तिथे असणं अपेक्षित असलं पाहिजे. तुमचं घर कुठे आहे याला महत्त्व नाही. डेलावेअर नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तीराला ब्रँड तोच, रॉयल्टी (ब्रँड वापरण्यासाठी कंपनीला नियमित द्यायची रक्कम) तीच आणि करारही जवळजवळ तोच असू शकतो. पण अलीकडे कंपनीला करार संपवायला सबळ कारण लागतं, पलीकडे कायदा ते मागत नाही. जागा निवडताना भाडं आणि वर्दळ सगळेच पाहतात. राज्यही पाहा.

न्यू जर्सीच्या कायद्यात नेमकं काय आहे?

या कायद्याचं नाव 'फ्रँचायझी प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट'. जागेच्या अटीखेरीज आणखी दोन अटी आहेत: दावा लावण्याआधीच्या १२ महिन्यांत तुमच्या आणि कंपनीमधली उलाढाल ३५,००० डॉलरपेक्षा जास्त असावी, आणि तुमच्या एकूण विक्रीपैकी २० टक्क्यांहून जास्त विक्री त्या फ्रँचायझीतून येत असावी. एका ब्रँडवर चालणाऱ्या दुकानाला शेवटची अट सहज पार होते. अनेक कंपन्यांचा माल ठेवणारा वितरक मात्र इथे अडकू शकतो.

एकदा कायदा लागू झाला की कंपनीला 'सबळ कारणा'शिवाय करार संपवता येत नाही, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणही नाकारता येत नाही. सबळ कारणाची व्याख्या अरुंद आहे: फ्रँचायझीधारकाने करारातल्या जबाबदाऱ्या बऱ्याच अंशी पाळल्या नाहीत, एवढंच. कंपनीला धोरण बदलायचं आहे किंवा त्या भागात स्वतःचं दुकान काढायचं आहे, हे सबळ कारण नव्हे. नोटीस लेखी, कारणांसह आणि किमान ६० दिवसांची लागते. धंदा स्वेच्छेने सोडून दिला असेल तर १५ दिवसांची पुरते. धंद्याशी थेट संबंधित गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर लगेच करार संपवता येतो.

सिटीज सर्व्हिस या तेल कंपनीच्या प्रकरणात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिलेला निकाल इथे महत्त्वाचा आहे. पेट्रोल पंप चालवणाऱ्याची काही चूक नव्हती. कंपनीला आर्थिक कारणांसाठी संबंध संपवायचे होते. न्यायालय म्हणालं की कंपनीचा हेतू प्रामाणिक असला तरी फ्रँचायझीधारकाने करार मोडला नसेल, तर त्याला नुकसानभरपाई मिळायला हवी. ती मोजताना चालत्या धंद्याची वाजवी किंमत धरायची आणि सामानसुमान विकून जे येईल ते वजा करायचं. वर्षानुवर्षं राबून उभ्या केलेल्या गिऱ्हाइकीला कायद्याने किंमत दिली, म्हणून मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

याच कायद्याने आणखीही काही गोष्टींना मनाई केली आहे: करार करतानाच 'कंपनीवरचे सगळे दावे सोडले' असं लिहून घेणं, फ्रँचायझीधारकांना आपसांत एकत्र येण्यापासून रोखणं, कामगिरीच्या अवाजवी अटी लादणं. दावा जिंकलात तर वकिलाचा वाजवी खर्चही कंपनीकडून मिळतो. लहान धंदेवाल्याला मोठ्या कंपनीशी लढणं परवडतं ते या तरतुदीमुळे.

मी घरातून किंवा व्हॅनमधून चालणारी फ्रँचायझी घेणार आहे. मलाही हेच संरक्षण?

न्यू जर्सीत बहुधा नाही. 'धंद्याची जागा' म्हणजे जिथे ग्राहकाला माल किंवा सेवा मांडून विकली जाते असं ठरावीक ठिकाण. राहतं घर, वाहन, गोदाम किंवा नुसतं ऑफिस त्यात धरलं जात नाही. ज्यांची बहुतांश विक्री थेट ग्राहकांना होत नाही, त्यांच्यासाठी ऑफिस आणि गोदामाची सूट आहे. म्हणजे घरून चालवलेली साफसफाईची सेवा किंवा गाडी घेऊन दारोदार जाणारी दुरुस्ती सेवा कायद्याबाहेर राहू शकते. असे धंदे कमी भांडवलात होतात म्हणून आपल्या लोकांना आवडतात. म्हणूनच सही करण्याआधी हा प्रश्न वकिलाला स्वतंत्रपणे विचारा.

कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि वॉशिंग्टनमध्ये काय आहे?

कॅलिफोर्नियाचा 'फ्रँचायझी रिलेशन्स अ‍ॅक्ट' १९८१ पासून आहे, आणि १ जानेवारी २०१६ पासूनच्या दुरुस्तीने तो बराच बळकट झाला. आता करार मुदतीपूर्वी संपवायचा तर फ्रँचायझीधारकाने तो बऱ्याच अंशी मोडलेला असायला हवा आणि चूक सुधारायला किमान ६० दिवस द्यावे लागतात. कायदा मोडून करार संपवला तर धंद्याचं बाजारमूल्य भरून द्यावं लागू शकतं. अपवादही आहेत: दिवाळखोरी, सलग पाच दिवस धंदा बंद ठेवणं, सार्वजनिक आरोग्याला तातडीचा धोका. नोटीस मिळाल्यावर पाच दिवसांत थकबाकी न भरणं हाही एक अपवाद आहे. खाण्याच्या धंद्यात असाल तर हे नीट वाचा. रॉयल्टी थकली की ६० दिवसांचं कवच गळून पडतं.

मिनेसोटात ९० दिवसांची नोटीस आणि त्यात ६० दिवस सुधारणेसाठी. विस्कॉन्सिनचा 'फेअर डीलरशिप लॉ' डीलर आणि वितरकांनाही सामावून घेतो. तिथेही ९० आणि ६०, मात्र पैसे थकल्याचं कारण असेल तर सुधारणेला फक्त १० दिवस. इलिनॉयमध्ये सबळ कारण लागतं, पण सुधारणेची मुदत वाजवी असावी एवढंच, आणि ती ३० दिवसांहून जास्त देण्याची सक्ती नाही. वॉशिंग्टनने दोन्ही बाजूंवर सद्भावाने वागण्याचं बंधन घातलं आहे.

कंपनीकडून नोटीस आली आहे. पहिलं काय करू?

नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हाती पडल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा, पाकीट जपा. मग तीन गोष्टी तपासा: कारण स्पष्ट लिहिलं आहे का, सुधारायला मुदत दिली आहे का, आणि ती मुदत तुमच्या राज्याच्या कायद्यातल्या मुदतीएवढी आहे का. करारात १० दिवस आणि राज्याच्या कायद्यात ६० असतील, तर कायद्याचे ६० चालतात. बहुतेक राज्यांत हे हक्क करारातून सोडून देता येत नाहीत. 'मी राज्याच्या कायद्याचे हक्क सोडतो' असं कलम तिथे रद्दबातल ठरतं.

दोष खरा असेल तर आधी तो दुरुस्त करा आणि पुरावा ठेवा: पावत्या, फोटो, आरोग्य खात्याचा अहवाल, ईमेल. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कळवा. रागाच्या भरात रॉयल्टी थांबवू नका. 'ते नीट वागत नाहीत, मग मी का भरू' हे माणूस म्हणून समजण्यासारखं आहे, पण ज्या फ्रँचायझीधारकाची बाजू खरी असते त्याच्याही हातून कंपनीला सबळ कारण मिळतं ते इथेच. दुकानही बंद ठेवू नका.

मुदत संपली आणि कंपनी नूतनीकरण करत नाही. मी काय मागू शकतो?

हे पूर्णपणे राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही, हे वर आलंच. कॅलिफोर्नियात १८० दिवस आधी सांगावं लागतं. इलिनॉयमध्ये सहा महिन्यांची नोटीस दिली नाही, किंवा तुम्हाला त्याच भागात तसाच धंदा करायला बंदी कायम ठेवली, तर धंद्याच्या घटलेल्या किमतीची भरपाई द्यावी लागते. वॉशिंग्टनमध्ये नूतनीकरण नाकारताना माल, उपकरणं आणि फर्निचरची वाजवी किंमत द्यावी लागते. एक वर्षाची नोटीस दिली नसेल किंवा स्पर्धाबंदी कायम ठेवली असेल तर गिऱ्हाइकीचीही. जिथे कायदा नाही तिथे मुदत संपली म्हणजे संपली.

एक बारकावा सर्वत्र आहे. नूतनीकरण जुन्या करारावर होत नाही. कंपनी त्या वेळचा तिचा नवा करार पुढे करते. त्यात रॉयल्टी वाढलेली असू शकते आणि क्षेत्र कमी झालेलं. सोबत दुकानाच्या पूर्ण नूतनीकरणाचा खर्चही येतो. एफडीडीच्या १७व्या कलमात हे लिहिलेलं असतं.

दुकान विकायचं आहे. कंपनी अडवू शकते का? आणि मालकाचं निधन झालं तर?

कंपनीची संमती जवळजवळ नेहमीच लागते. न्यू जर्सीत खरेदीदाराची माहिती लेखी दिल्यावर कंपनीने ६० दिवसांत संमती किंवा कारणांसह नकार कळवायचा असतो. काहीच उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं. निधनाच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचा कायदा पती-पत्नीला आणि वारसांना वाजवी काळ मालकीत राहण्याची संधी देतो, कंपनीच्या पात्रतेच्या अटींना धरून. एका माणसाच्या राबण्यावर सगळं घर उभं असतं अशा धंद्यात हे कलम आधीच वाचून ठेवायला हवं.

माझ्या दुकानापासून दोन मैलांवर कंपनीने त्याच ब्रँडचं दुसरं दुकान काढलं. चालतं का?

बहुतेक करारांत चालतं. एफडीडीचं १२वं कलम पाहा. तुम्हाला खास क्षेत्र मिळणार नसेल तर तसं ठरावीक शब्दांत सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे: इतर फ्रँचायझीधारकांकडून, कंपनीच्या स्वतःच्या दुकानांकडून आणि विक्रीच्या इतर मार्गांकडून स्पर्धा होऊ शकते. खास क्षेत्र दिलेलं असेल तरी ऑनलाइन विक्री आणि विमानतळ किंवा मॉलमधले स्टॉल अनेकदा वगळलेले असतात.

इंडियानाचा कायदा इथे थोडा पुढे जातो: खास क्षेत्र ठरवलेलं नसलं तरी वाजवी परिसरात कंपनीने फ्रँचायझीधारकाशी अन्यायकारक स्पर्धा करू नये, असं तो म्हणतो. आयोवाने १९९२च्या कायद्यात जवळ काढलेल्या दुकानामुळे झालेल्या नुकसानीचा हक्क दिला होता आणि त्यावरून मोठ्या साखळ्यांनी कोर्टात धाव घेतली. बाकी ठिकाणी हा मुद्दा सहीपूर्वीच बोलून ठरवावा लागतो.

करारात लिहिलं आहे की वाद झाला तर कंपनीच्या मुख्यालयाच्या राज्यातच यायचं. मी खरंच तिकडे जायचं?

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण कायद्याने दिलेला हक्क याच ठिकाणी हातातून निसटतो.

१९८५ साली बर्गर किंगचं एक प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. फ्रँचायझीधारक मिशिगनचे, रेस्टॉरंट मिशिगनमध्ये, कंपनी फ्लोरिडाची. न्यायालयाने ठरवलं की त्यांच्यावर फ्लोरिडात खटला चालवणं घटनेत बसतं. मोठ्या कंपनीशी वीस वर्षांचा करार करणाऱ्याने याची अपेक्षा ठेवायला हवी, असा त्याचा आशय.

त्यावर अनेक राज्यांनी स्वतःच्या कायद्यात उपाय ठेवला आहे. कॅलिफोर्नियात तिथल्या फ्रँचायझीधारकाला बाहेरच्या राज्यातल्या कोर्टात नेणारं कलम रद्द ठरतं. इलिनॉय आणि मिशिगनमध्येही अशी तरतूद आहे. न्यू जर्सीत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रकरणात, अशी कलमं मुळातच अवैध धरावीत असं सांगितलं. कलम लादलेलं नसून खुल्या वाटाघाटीतून आलं, हे कंपनीने सिद्ध करायचं.

पण करारात लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाकडून निवाडा, असेल तर चित्र पालटतं. १९८४ साली साऊथलँड प्रकरणात, म्हणजे सेव्हन-इलेव्हनच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रँचायझीधारकांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९२५चा केंद्रीय लवाद कायदा राज्याच्या फ्रँचायझी कायद्यावर मात करतो. कॅलिफोर्नियाचा कायदा 'हे दावे कोर्टातच चालतील' असं म्हणू पाहत होता. ते टिकलं नाही. १९९६ मध्ये सबवेच्या मोंटानातल्या प्रकरणातही तसंच झालं. लवादाचं कलम कराराच्या पहिल्या पानावर ठळक छापलं पाहिजे, एवढीच अट त्या राज्याने घातली होती. तीही गेली.

म्हणून लवादाचं कलम दिसलं तर तीन गोष्टी पाहा: लवाद कुठल्या शहरात, कुठल्या राज्याच्या कायद्याने, आणि खर्च कुणाचा. लवाद आला म्हणून राज्याच्या कायद्याने दिलेला हक्क आपोआप नाहीसा होत नाही. लवादासमोरही तो मांडता येतो. पण दूरच्या शहरात, ज्युरीशिवाय, अपिलाची वाट जवळजवळ बंद असताना तो मांडावा लागतो. तुमची ताकद सर्वांत जास्त असते ती सहीच्या आधी. लवाद तुमच्या राज्यात व्हावा असं तेव्हाच मागा. लहान आणि नव्या कंपन्या कधीकधी मानतात.

विक्री करणाऱ्याने सांगितलं होतं, वर्षाला इतके सुटतील. प्रत्यक्षात काहीच सुटत नाही.

कमाईचा कोणताही आकडा एफडीडीच्या १९व्या कलमात, आधारासह असायला हवा. ते कलम भरणं कंपनीला सक्तीचं नाही. पण तिथे काही लिहिलं नसेल तर विक्री प्रतिनिधीने तोंडी, रुमालावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे देणं नियमबाह्य आहे. असे आकडे मिळाले तर जपून ठेवा.

अडचण अशी की करारातच 'मला कुणीही कमाईचं आश्वासन दिलेलं नाही' अशा छापील विधानांवर तुमच्या सह्या घेतल्या जायच्या. राज्यांच्या रोखे-नियामकांच्या संघटनेने, नासाने (अवकाशवाली नव्हे, शेवटी दोन ए असलेली), १ जानेवारी २०२३ पासून अशा प्रश्नावल्यांविरुद्ध धोरण लागू केलं. नोंदणी मागणाऱ्या राज्यांत त्यामुळे त्यांचा वापर आवळला गेला आहे.

माहिती खोटी ठरली तर राज्यांच्या विक्री-कायद्यांत स्वतः दावा लावता येतो. न्यू यॉर्कमध्ये हेतुपुरस्सर उल्लंघन असेल तर व्यवहार रद्द करून पैसे ६ टक्के व्याजासह परत मागता येतात, पण तीन वर्षांच्या आत. इलिनॉयची मुदत आणखी काटेकोर आहे: घटनेपासून तीन वर्षं, गोष्ट कळल्यापासून एक वर्ष, किंवा उल्लंघन झाल्याचं कंपनीने लेखी कळवल्यापासून ९० दिवस, यांतलं जे आधी येईल ते. 'अजून एक सीझन बघू' म्हणता म्हणता हक्क निघून जातो.

फसवणूक किती मोठी होऊ शकते हे पाहायचं तर बर्गरिम आठवा. या साखळीने १,५०० हून अधिक फ्रँचायझी विकल्या आणि त्यातली बहुतेक दुकानं कधी उघडलीच नाहीत, अशी एफटीसीची २०२२ची तक्रार होती. एफडीडीच्या २०व्या कलमात किती दुकानं उघडली, किती बंद पडली, किती सह्या होऊनही उघडली नाहीत हे असतं. गेल्या वर्षात बाहेर पडलेल्यांचे संपर्कही असतात. त्यांना फोन करा. चालू दुकानदारांपेक्षा हे लोक मोकळेपणाने बोलतात.

करार संपल्यावर तसाच धंदा मी करू शकतो का?

कॅलिफोर्नियात करारानंतरची स्पर्धाबंदी साधारणपणे टिकत नाही. न्यू जर्सी आणि इतर बऱ्याच राज्यांत मुदत आणि अंतर वाजवी असेल तर टिकते. हे कलम पती किंवा पत्नीलाही बांधतं का, ते पाहा.

आम्ही फ्रँचायझीधारकांनी एकत्र येऊन बोललं तर कंपनी सूड घेईल का?

कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, न्यू जर्सी, वॉशिंग्टन अशा अनेक राज्यांत संघटित होण्याचा हक्क कायद्यातच आहे. जुलै २०२४ मध्ये एफटीसीनेही स्पष्ट केलं की फ्रँचायझीधारकाला सरकारी यंत्रणेकडे तक्रार करण्यापासून रोखणारी कलमं बेकायदा आहेत. संघटनेचं बळ काय असतं हे भारतीय वंशाच्या, विशेषतः गुजराती, हॉटेलमालकांनी दाखवून दिलं आहे. त्यांची 'आहोआ' ही संघटना १९८९ पासून काम करते, आणि न्याय्य फ्रँचायझीसाठी तिने मांडलेल्या १२ मुद्द्यांवर मोठ्या हॉटेल साखळ्यांना बोलावं लागलं. आपल्या लोकांनी महाराष्ट्र मंडळाच्या ओळखी या कामासाठीही वापरायला हव्यात, असं मला तीव्रतेने वाटतं.

राज्याचा कायदा कशापासून वाचवत नाही?

महाग रॉयल्टीपासून नाही. ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडूनच चढ्या भावाने माल घेण्यापासून बहुतेक ठिकाणी नाही. न चालणाऱ्या धंद्यापासून तर नाहीच. आणि वैयक्तिक जामिनापासूनही नाही. तुम्ही एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची धंदासंस्था, काढली तरी कंपनी आणि घरमालक तुमची वैयक्तिक हमी मागतात. एसबीएच्या (लहान धंद्यांना मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) हमीवर बँकेचं कर्ज घेतलं तर २० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला हमी द्यावी लागते. पत्नीच्या नावावर दुकान आणि पतीची आयटीतली नोकरी, ही आपल्याकडची नेहमीची रचना. एफडीडीच्या सुरुवातीला 'विशेष जोखमी'चं पान असतं. जोडीदाराची जबाबदारी असेल तर ती तिथे लिहिलेली असते. ते पान दोघांनी मिळून वाचा.

पेट्रोल पंपालाही हेच कायदे?

करार संपवणं आणि नूतनीकरण या बाबतीत तिथे १९७८चा केंद्रीय 'पेट्रोलियम मार्केटिंग प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट' लागू होतो आणि तो राज्याच्या कायद्यावर मात करतो. सर्वसाधारण नोटीस ९० दिवसांची.

भारतात असा कायदा आहे का? पुण्यातला भाऊ तिथे फ्रँचायझी घेतोय.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १४ दिवसांचा नियम नाही, एफडीडी नाही. १८७२चा करार कायदा लागू होतो. त्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची धंदाबंदी सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी टिकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या प्रकरणात म्हटलं. भावाला सांगा, अमेरिकेत एफडीडीत जे मिळतं ते सगळं कंपनीकडून लेखी मागून घे: बंद पडलेल्या दुकानांची यादी, ताळेबंद, चालू खटले.

वकील कधी गाठावा, आणि त्याच्याकडे काय न्यावं?

१४ दिवसांच्या आत, अनामत रक्कम देण्याआधी. घर खरेदीचे कागद करणारा वकील या कामाला पुरत नाही. फ्रँचायझीधारकांची बाजू नियमित घेणारा हवा. सोबत पूर्ण एफडीडी न्या, त्याला जोडलेली राज्याची पुरवणी धरून, कारण मूळ करारातली बरीच कलमं तुमच्या राज्यापुरती बदललेली असतात ती तिथेच. एफडीडी कधी मिळालं ती तारीख असलेली पावती, जागेचा भाडेकरार, कर्जाचा मसुदा आणि विक्री प्रतिनिधीचे सगळे ईमेल आणि मेसेजही न्या.